औषधात कोणाचे पाणी

"त्या बाईला विचारा," सेक्रेटरीसाहेब मला इंग्रजीत म्हणाले, "तिच्या औषधात पाणी कोण घालतो, हे तिला ठाऊक आहे काय?"

प्रश्न साधा होता. अकरा महिने मी चालवलेले खोटे त्या एका प्रश्नाच्या उत्तरावर उभे होते. आणि ते उत्तर इंग्रजीत सांगण्याचे कामही माझ्याकडेच होते.

ही गोष्ट निपाणीजवळच्या एका मिशन दवाखान्यातली. पहिले महायुद्ध संपून काही वर्षे झाली होती. मी तिथे कंपौंडर होतो. आज पंचावन्नाव्या वर्षीही कंपौंडरच आहे. डॉक्टर कागदावर औषध लिहितो आणि कंपौंडर ते प्रत्यक्ष तयार करून देतो. त्या काळी तयार गोळ्या फार नव्हत्या. बहुतेक औषध मिक्श्चरच्या रूपाने जाई. मापाने मोजलेला अर्क, खलात घोटलेली पूड, थोडे सिरप, आणि उरलेली बाटली भरून पाणी. रोगी बाटली घरून आणीत. तिच्या कडेला खाचा कातरलेली कागदाची पट्टी चिकटवायची. एक खाच म्हणजे एक डोस. आठ औंसांच्या बाटलीत सात औंस तर पाणीच असे. आणि आमच्या मुलखात माणूस औषध कोणाचेही घेई, पाणी मात्र विचारून घेई.

म्हणून माझ्या आधीच्या मंडळींनी एक पाणक्या ठेवला होता, वासुदेवभट नावाचा. तो सोवळ्याने विहिरीचे पाणी तांब्याच्या हंड्यात भरून ठेवी. मी बाटलीत औषध मोजून घालायचे, बाटली फळीवर ठेवायची आणि दोन पावले मागे सरायचे. मग भट पुढे होऊन वरून पाण्याची धार धरी. दिवसातून साठसत्तर वेळा मी माझ्याच औषधापासून दोन पावले मागे सरत असे.

त्याच दवाखान्याच्या ओसरीवर, औषधाची खिडकी उघडण्याआधी, रोज अर्धा तास मी उपदेश करीत असे. माझा आवडता विषय शोमरोनी स्त्रीचा. ख्रिस्त दमून विहिरीपाशी बसला, आणि ज्या लोकांच्या हातचे पाणी त्याच्या जातीचे लोक घेत नसत, त्यांच्यातल्या एका बाईजवळ त्याने प्यायला पाणी मागितले. ही कथा मी इतकी रंगवून सांगे की बायका पदराने डोळे टिपीत. कथा संपली की वासुदेवभट हंडा उचलून आत येई आणि मी दोन पावले मागे सरे. ह्यात काही विसंगत आहे असे मला कित्येक वर्षे वाटले नाही. विसंगती दिसायला माणसाला स्वतःकडे पाहावे लागते. मी रोगी मोजण्यात गर्क होतो.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. माझा जन्म काकतीच्या बाजूच्या एका गावातल्या महारवाड्यातला. वडिलांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा मी पाळण्यात होतो. दवाखान्यात कोणी विचारले, "मूळचे कुठले?" तर मी उत्तर देई, "बेळगाव कॅम्प." अंगात कोट, डोक्यावर टोपी, तोंडी पुस्तकी भाषा. कॅम्पातून, म्हणजे छावणीतून, आलेल्या माणसाला जात सांगणारी आळी नसते. जो धर्म आम्हांला मान वर करून जगा म्हणून सांगतो, त्याचा उपयोग मी मान कोणाची आहे हे लपवण्यासाठी केला.

मग एके दिवशी वासुदेवभट थोरल्या भावाच्या आजारपणासाठी सावंतवाडीला गेला. पंधरा दिवसांत येतो म्हणाला. आला नाही. दवाखान्याच्या डॉक्टर मिसबाईंना भटाची व्यवस्था पहिल्यापासून आवडत नव्हती. त्या म्हणाल्या, "दुसरा माणूस ठेवायचा नाही. आता लोकांना सत्य पत्करू दे. तुम्ही पाणी घाला. त्यांना तसे सांगा, आणि पाहू किती येतात."

मी पाणी घालू लागलो. सांगितले मात्र नाही. औषधे तयार करण्याची खोली खिडकीमागे, पडद्याआड. बाहेरून काही दिसत नसे. कोणी विचारी, "भटजी दिसत न्हाईत?" मी म्हणे, "पाणी भरून गेले." काही दिवसांनी म्हणू लागलो, "दुसरे ठेवलेत."

लोक येत राहिले. महिन्याअखेर मिसबाईंनी रजिस्टर पाहिले. संख्या तेवढीच. त्यांचे डोळे भरून आले. "त्यांना ठाऊक आहे ना, पाणी तुम्ही घालता ते?"

"हो, मॅडम."

एकाच कामासाठी दोन खोटी लागली, प्रत्येक बाजूला एकेक. लोकांच्या लेखी औषधात ब्राह्मणाचे पाणी होते. मिशनच्या लेखी औषधात माझे पाणी होते आणि लोक ते आनंदाने पीत होते. दोन्ही बाजू समाधानी. इतके सुरळीत काम मी त्याआधी कधी केले नव्हते.

मिसबाईंनी वार्षिक अहवालात लिहिले की आमच्या मुलखात जातीच्या भिंती कोसळत आहेत आणि त्या एका नम्र एतद्देशीय बंधूच्या हातून कोसळत आहेत. तो बंधू मी. मला बेळगावला बोलावून चर्चमध्ये साक्ष द्यायला उभे केले. साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केले ते मंडळीपुढे सांगणे. मी सांगितले. मंडळी सद्गदित झाली. पुढच्या बाकांवर ब्राह्मणांतून आलेली ख्रिस्ती घराणी बसली होती, मागच्या बाकांवर आमचे लोक. तिथली भिंत मात्र धडधाकट होती. तिच्याकडे कोणी पाहिले नाही. साक्ष संपल्यावर मला पुढच्या बाकावर जागा करून दिली. मी बसलो. मागच्या बाकावर माझे सख्खे काका होते. मी वळून पाहिले नाही.

तो अहवाल वाचून विलायतेहून मिशनचे सेक्रेटरीसाहेब हा चमत्कार प्रत्यक्ष पाहायला आले. उंच, कनवाळू चेहऱ्याचे गृहस्थ. गळ्यात चामडी पट्ट्याची पाण्याची बाटली. मुंबई सोडल्यापासून ते आपल्या खानसाम्याने उकळलेल्या पाण्याखेरीज दुसऱ्या कोणाच्या हातचे पाणी पीत नव्हते. ओसरीवर तीसेक माणसे बसली होती. साहेबांनी त्यांतली नेमकी गंगाक्का निवडली.

गंगाक्का पाचसहा मैलांवरच्या गावाहून दर चौथ्या दिवशी बैलगाडीने येई. घरचा तंबाखूचा मळा, तोंडाने फटकळ, कपाळावर मोठे कुंकू. तिची सून सुंद्रा बाळंतरोगाने अंथरुणाला खिळली होती. अंगात रक्त नाही, पायांवर सूज, पोर चार महिन्यांचे. सुंद्राला आम्ही लोहाचे मिक्श्चर देत होतो आणि दीड महिन्यात तिला उतार पडू लागला होता. ती भिंतीला धरून उठून बसू लागली होती. ह्या वेळी औषध तुटले तर काय होईल, हे मिसबाईंनी मला बजावून ठेवले होते. म्हणजे त्या क्षणी खऱ्या उत्तरावर सुंद्राचा जीव टांगलेला होता. मी मात्र आधी माझ्या बाकाचा विचार केला, हे इथे लपवीत नाही.

"आक्का," मी म्हणालो, "साहेब विचारतात, औषधात पाणी कोण घालतो ते तुम्हांला ठाऊक आहे का?"

"व्हय की! न ठावं असायला काय झालं? भटजीचं पानी. त्याबिगर आमची सुंद्रा बाटलीला तोंड तरी लावंल व्हय? सोमवार धरती ती."

मी साहेबांकडे वळलो. "ती म्हणते, तिला पूर्ण ठाऊक आहे आणि ती आनंदाने घेते."

साहेबांनी डोळे मिटले. बहुधा प्रार्थना करीत असावेत.

"ओ कंपौंडर," खांबाला टेकून बसलेले एक गृहस्थ म्हणाले, "ती असं म्हणाली नाही."

हे गावचे पोस्टमास्तर. मानेवर गळू झाले होते, त्याला पोटीस बांधून घ्यायला आणि रक्तशुद्धीचे औषध न्यायला रोज येत. इंग्रजी उत्तम. मी त्यांना ओसरीवर पाहिले होते आणि तरीही भाषांतर केले होते. खोट्याची सवय झाली की माणूस आजूबाजूला कोण आहे तेही पाहीनासा होतो.

"ती म्हणाली, भटाचं पाणी," पोस्टमास्तर सावकाश बोलू लागले. "आणि वासुदेवभट तर सावंतवाडीला. त्याची पत्रं मीच तिकडे धाडतो. तुम्ही मला सांगितलंत, दुसरा भट ठेवला. मग हा दुसरा भट मला अजून एकदा तरी..." ते थांबले. मानेचे गळू विसरून त्यांनी झटक्यात मान वळवली आणि कळवळले. "आई गं! अहो, पाणी घालतो कोण मग? चौदा डोस घेतलेत मी!"

"ते गृहस्थ काय म्हणतात?" साहेबांनी विचारले.

शेजारी उभ्या असलेल्या मिसबाईंना मराठी चांगले कळत असे. त्यांचा चेहरा उतरला होता. त्या हलक्या आवाजात इंग्रजीत म्हणाल्या, "सांगा, त्यांची डोसाबद्दल काही तक्रार आहे."

ते वाक्य धड खोटेही नव्हते. मी तोंड उघडले आणि मला ते म्हणता आले नाही. ह्याला धैर्य म्हणू नये. गंगाक्का हातातल्या भरलेल्या बाटलीकडे पाहत होती, नंतर माझ्याकडे पाहू लागली, आणि एवढ्या दोन नजरांमध्ये मला तिसरे खोटे सुचले नाही.

मी आधी मराठीत सांगितले, ओसरीला ऐकू जाईल असे. "भट अकरा महिन्यांपूर्वी गेले. दुसरा भट नाही. पाणी मी घालतो. मी जन्माने महार आहे. तुम्हांला मी खोटे सांगितले." मग साहेबांकडे वळून तेच इंग्रजीत सांगितले आणि त्यात एक वाक्य वाढवले: "तुमच्या अहवालात जे छापले तेही माझ्याच खोट्यावरून छापले."

लोक उठले. पहिल्याने बुचे उघडण्याचा आवाज झाला. मग एकामागून एक बाटल्या अंगणात उपड्या होऊ लागल्या. क्विनीन, सोड्याची मिक्श्चरे, खोकल्याचे काळे औषध. सकाळभर खपून केलेले माझे काम मातीत मुरत गेले. पोस्टमास्तर पोटीस तसेच सोडून निघाले. गंगाक्काने मात्र बाटली ओतली नाही. तिने ती भरलेलीच खिडकीत माझ्यापुढे ठेवली आणि गाडीत जाऊन बसली.

साहेब गोंधळून म्हणाले, "पण हा तर केवळ पाण्याचा प्रश्न आहे!" आणि गळ्यातली बाटली उघडून ते उकळलेले पाणी प्याले.

ते गेल्यावर मिसबाई म्हणाल्या, "तुम्ही मला एखाद्या संध्याकाळी खासगीत सांगू शकला असता."

"मॅडम, अकरा महिन्यांत संध्याकाळी पुष्कळ झाल्या."

त्यांनी रजिस्टर मिटले. मग म्हणाल्या, "ती सून मरेल." माझ्या वागण्याचा एवढा अचूक अहवाल त्यांनी त्याआधी कधी दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकल काढली. लोहाचे मिक्श्चर मुळात हिराकसाचे. हिराकस म्हणजे लोहाचा हिरवट क्षार. त्याचे मीठ-साखरेसारखे खडे असतात. एका बाटलीपुरते माप मेणकागदात बांधून एक पुडी घेतली. कोरड्याला विटाळ नाही, अशी आमच्या मुलखातल्या शास्त्राची सोय आहे. जे शास्त्र पाण्याला इतके भिते ते कागदाला भीत नाही, ह्याचे मला वाटेत हसू आले. मग लक्षात आले की हसण्याचा अधिकार मी घालवून बसलो आहे.

गंगाक्का अंगणात तंबाखूची पाने उलटीत होती. मला पाहून तिने हात वर केला. "थितंच ऱ्हा. गंजीपाशी."

मी गवताच्या गंजीपाशी उभा राहिलो.

"आज कुणाचं पानी आणलंस?"

काल सकाळपर्यंत ती मला 'कंपौंडरअण्णा' म्हणत होती.

"पाणी नाही, आक्का. कोरडे औषध आणले आहे. सुंद्राचे औषध तुटू नये म्हणून आलो."

"तिला कालपास्नं काय बी दिलं न्हाई. रातभर रडतीया, सोमवार बाटला म्हणून. वर्सभराचं व्रत हाय तिचं." तिने हातातले पान आपटले. "काय रं, तुझी जात मी कवा इचारली हुती?"

"कधीच नाही."

"पानी इचारलंतं. तोंड वर करून सांगितलंस, भटाचं. तुझ्या देवाला खोटं चालतंय व्हय?"

"नाही चालत."

"मग कुणासाठी बोललास?"

ह्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर होते. अहवालासाठी. बेळगावच्या पुढच्या बाकासाठी. रजिस्टरातल्या आकड्यासाठी. ते तंबाखूच्या अंगणात उभे राहून एका चिडलेल्या बाईला कोणत्या शब्दांत सांगावे, ते मला कळेना. मी म्हणालो, "माझ्यासाठी."

"तूच ती गोष्ट सांगत हुतास न्हवं? तुझा देव हिरीवर बसला, नि त्या बाईला म्हणला, मला पानी दे. ती म्हणली, आरं, माझ्या हातचं तुला कसं चालंल? म्हंजी काय, समदं उघड हुतं की. त्यानं मागून घेतलं. तू न सांगता पाजलंस."

मी ती कथा शेकडो वेळा सांगितली होती. मिशनच्या शाळेत तिच्यावर परीक्षा दिली होती. तिचा अर्थ ह्या बाईला मला गवताच्या गंजीपाशी उभे करून सांगावा लागला.

वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. हा रिवाज मला तेव्हा घाणेरडा वाटत होता आणि आजही वाटतो. ज्या बाईच्या सुनेसाठी मी सहा मैल सायकल हाणली, तिने मला गंजीपाशी उभे केले, ह्याची लाज तिला वाटायला हवी होती; तिला ती वाटली नाही. पण रिवाज मोडायचा तर समोर उभे राहून मोडावा लागतो. पडद्याआड मोडला तर रिवाज जिथल्या तिथे राहतो आणि मोडणारा तेवढा लबाड ठरतो. मी ज्या ख्रिस्ताचा प्रतिनिधी म्हणून मिरवत होतो तोही माझ्याबरोबर लबाड ठरला. हे नुकसान बाटल्यांपेक्षा मोठे होते.

घरातून बाळ रडल्याचा आवाज आला, आणि त्याच्यामागे बारीक आवाजात कोणीतरी म्हणाले, "आत्याबाई, ते कडू औषध आलंय का?"

गंगाक्काने एकदा घराकडे पाहिले. मग तिने कळशी उचलली. "आमच्या हिरीचं पानी हाय. मीच कालवीन. तू थितनंच सांग, किती नि कसं."

मी सांगू लागलो. पाणी आधी उकळून गार करायचे. पुडी सावकाश सोडायची. खडे विरेपर्यंत हलवायचे. कागदाची पट्टी तिने नाकारली. चुन्याचे बोट बाटलीवर ओढून आठ खुणा केल्या. माझ्या कातरलेल्या पट्टीवरच्या खाचांपेक्षा त्या अधिक सारख्या अंतरावर होत्या. एका अशिक्षित बाईने माझे सारे कसब पाव तासात उचलले. अकरा महिने ज्या अडचणीपायी मी दोन जगांना फसवले, तिच्यावर उपाय होता घरचे पाणी. तो सुचण्यासाठी फक्त विचारावे लागत होते.

"चौथ्या दिशी नव्या पुडीला येतो," ती म्हणाली. "पर ध्येनात ठेव, माफ केलं न्हाई तुला."

तिने खरोखरच केले नाही. शेवटपर्यंत ती मला 'अरं' म्हणत राहिली. पण चौथ्या दिवशी आली. सुंद्रा तीन महिन्यांनी स्वतःच्या पायांनी दवाखान्यात आली, पोर काखेत घेऊन. मिसबाईंनी तिच्या पापण्या उलटून पाहिल्या आणि मान डोलावली.

दवाखान्यातली गर्दी निम्म्यावर आली. मग हळूहळू लोक घरचे पाणी घेऊन येऊ लागले. पोस्टमास्तर फिरकीच्या तांब्यातून आणीत आणि बाटलीत स्वतः ओतताना मला बजावीत, "हात लांब ठेवा, कंपौंडर." एके सकाळी ते तांब्याबरोबर विलायतेचे एक छापील मासिकही घेऊन आले. त्यांनी ते आधीच वाचले होते.

"तुमच्या साहेबांनी लिहिलंय," ते म्हणाले. "ऐका. 'इथल्या लोकांचा आमच्या औषधावर इतका विश्वास बसला आहे की कुलीन घरच्या स्त्रिया त्यासाठी स्वतःच्या हातांनी पाण्याचे घडे वाहून आणतात.'" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "ह्यात खोटं एकही अक्षर नाही हो! तुमच्यापेक्षा वरचा कारागीर."

मी मासिकाला दुरुस्तीचे पत्र पाठवले. आभाराचे उत्तर आले. दुरुस्ती छापली गेली नाही.

बेळगावला गेलो की मी आता काकांच्या बाकावर बसतो. पहिल्या दिवशी काका थोडे सरकले. त्या बाकावर साक्ष द्यायला कोणी बोलावीत नाही.

दवाखान्यात सकाळी बोलण्याचे काम आजही माझ्याकडेच आहे. खिडकी उघडण्याआधी मी सांगतो की मी अमुक गावच्या महारवाड्यातला, ख्रिस्ती आहे, बाटलीत पाणी मी घालतो, ज्यांना ते नको त्यांनी घरचे आणावे. काही जण उठतात, काही पुटपुटतात, काही बसून राहतात. एवढे सांगून झाल्यावर आणखी उपदेश करावा असे वाटत नाही. उपदेशाचा अर्धा तास वाचतो. तेवढ्या वेळात वीसेक बाटल्या भरून होतात.